विद्यापीठ, गाव आणि सडा

विद्यापीठ म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? मुंबईचा राजाबाई टॉवर, दगडी पायऱ्या, पदवीदानाचे झगे, आणि ग्रंथालयात मान खाली घालून बसलेली मंडळी. कोकणातल्या माणसाला आणखीही एक गोष्ट आठवते. त्याच्या लेखी विद्यापीठ म्हणजे घर सोडून जाण्याचे ठिकाण. आधी बोटीने, मग एस.टी.ने, आता रेल्वेने. वाहन बदलले, दिशा तीच. हुशार मुलगा निघाला की आजीने त्याच्या हातावर दही घालायचे आणि मनाशी समजायचे, हा आता गणपतीला नाहीतर शिमग्यालाच दिसायचा.

आज मला आपल्याशी उलट दिशेच्या प्रवासाबद्दल बोलायचे आहे. मुले गावातून विद्यापीठाकडे जातात हे तर आपण रोज पाहतो. पण विद्यापीठ कधी गावाकडे येते का? आलेच तर कोणाचे बोट धरून येते, आणि आल्यावर गावाला काय विचारते? प्रश्न साधा वाटतो. रत्नागिरीपुरते त्याचे उत्तर शोधायला गेलो तर मात्र ते आपल्याला उन्हाने तापलेल्या कातळावर घेऊन जाते.

आधी थोडे मागचे सांगतो. आपल्या या जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने विद्यापीठांना माणसे किती दिली हे पाहिले म्हणजे गंमत वाटते. मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्याला गेले आणि तेथे, वय कमी दिसते म्हणून, परीक्षेला न बसताच परत आले. त्याच कर्व्यांनी १९१६ साली महिलांचे विद्यापीठ उभे केले. मुर्डीचे रँग्लर परांजपे आधी लखनौ विद्यापीठाचे आणि पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. चिपळूणजवळ जन्मलेले आणि दापोलीला शिकलेले पांडुरंग वामन काणे १९४७ ते १९४९ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे कुलगुरू पुरवायला आम्ही, आणि विद्यापीठ मात्र घाटावर किंवा खाडीपलीकडे! तक्रार म्हणून नव्हे, हिशेब म्हणून सांगितले.

या यादीत आणखी एक नाव घालायला हवे, मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांचे. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा विभाग काढला, तेव्हा त्याचे प्रमुख म्हणून पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ आले. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पण त्यांना वेड नगरांचे. शहराची योजना आखण्यापूर्वी ते शहर पायांनी पाहा, कुठे काय आहे त्याची नोंद करा, तिथल्या माणसांना विचारा, आणि मगच पेन्सिल हातात घ्या, असा त्यांचा आग्रह असे. १९२४ साली त्यांच्या जागी घुर्ये आले. पुढे पुण्यात धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले संस्थेतर्फे पुणे शहराची सामाजिक आणि आर्थिक पाहणी करून ती १९४५ आणि १९५२ साली दोन भागांत छापली, तीही याच जातीची गोष्ट. विद्वानांनी आपल्या अंगणापासून सुरुवात करावी हा विचार आपल्याकडे काही नवा नाही. तो सर्वत्र रुजला नाही एवढेच.

आता रत्नागिरी शहराकडे वळू. या शहराचे स्वतःचे असे विद्यापीठ नाही. १९४५ साली येथे महाविद्यालय निघाले, तेच आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. ते मुंबई विद्यापीठाशी जोडलेले आहे. शिरगावला मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय आहे, भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, आणि ही दोन्ही १९७२ साली दापोलीत स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाची. साध्या विद्यापीठात आणि कृषी विद्यापीठात एक महत्त्वाचा भेद आहे बरं का. साध्या विद्यापीठाने शिकवावे, परीक्षा घ्याव्या, संशोधन करावे. कृषी विद्यापीठावर मात्र तिसरे एक काम कायद्यानेच टाकलेले असते, ते विस्ताराचे. म्हणजे जे सापडले ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेऊन पोचवायचे. ही कल्पना मूळची अमेरिकेतली. तेथे १८६२ साली सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेतीची व कारागिरीची महाविद्यालये काढायला लावली. विद्यापीठाची हद्द म्हणजे राज्याची हद्द, असे तिकडे विस्कॉन्सिनमध्ये म्हणत. आपल्याकडे ही हद्द कुंपणाच्या तारेपाशी संपते की काय, अशी शंका कधीकधी येते.

दापोलीने मात्र ती हद्द बरीच पुढे नेली, हे मान्य केले पाहिजे. हापूसचेच पाहा. हापूसला दोन खोडी. एक, वर्षाआड फळणे. दुसरी, साका. वरून सोन्यासारखे दिसणारे फळ कापावे तो आत पांढरा, स्पंजासारखा, आंबट गर निघतो. बागाईतदाराच्या अब्रूचाच प्रश्न! वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ साली ‘रत्ना’ ही जात काढली. ती दरवर्षी फळते आणि तिच्यात साका नाही. शास्त्राच्या हिशेबाने रत्नाने हापूसला मागे टाकायला हवे होते. पण लोकांनी काय केले? रत्ना परसात लावली आणि पेटी भरली हापूसचीच. बाजाराला आणि जिभेला शास्त्र पटतेच असे नाही.

तेव्हा दुसरा उपाय आला, आणि मला तो फार आवडतो. साका टाळायचा असेल तर फळ पूर्ण पिकण्याची वाट न पाहता थोडे आधी उतरवावे, हे संशोधनातून ठरले. पण ‘थोडे आधी’ म्हणजे किती? विद्यापीठाने त्यासाठी परदेशी माप आणले नाही. आमच्या बागांतून गडीमाणसे पिढ्यान् पिढ्या फळ आण्यांत मोजत आली आहेत. सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार. तेव्हा शिफारस झाली ती अशी, की आंबा चौदा आण्याला उतरवा, देठासकट उतरवा. त्यासाठी जुन्या झेल्याला पाते बसवून सुधारलेला ‘नूतन झेला’ही दिला. रुपयाचे आणे १९५७ साली व्यवहारातून गेले, पण आंब्याचे आणे अजून चालू आहेत आणि ते कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत जाऊन बसले आहेत. गाव आणि विद्यापीठ एकमेकांशी बोलू लागली म्हणजे काय होते, याचे याहून सोपे उदाहरण मला देता येणार नाही. भाट्याच्या केंद्राने नारळाच्या बागेत मिरी, दालचिनी, जायफळ यांची लागवड बसवून ‘लाखी बाग’ दाखवली, तिच्याबद्दलही बोलता येईल. पण आंबा आणि नारळ हे पैशाचे विषय आहेत. तेथे विद्वान आणि बागाईतदार यांची गाठ आज ना उद्या पडायचीच.

खरी कसोटी लागते ती ज्यात पैसा दिसत नाही अशा ठिकाणी. म्हणून आता आपण सड्यावर जाऊ.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, सडा म्हणजे आमच्याकडे डोंगराच्या माथ्यावरचे कातळाचे विस्तीर्ण पठार. खाली दरीत वाडी, माड-पोफळी, पाण्याचा पऱ्ह्या. वर चढून आले की मैलच्या मैल उघडा जांभा. मार्च-एप्रिलमध्ये त्यावर पाय ठेववत नाही. सातबाऱ्यावर या जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराब’ अशी. लागवडीला नालायक, म्हणून सरकारच्या आणि मालकाच्या दोघांच्याही लेखी ती नसल्यासारखीच. सामाईक उताऱ्यावर पंचवीस-तीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईला. त्या जमिनीशी रोजचा संबंध राहिला तो फक्त गुराख्याचा.

आणि गुराख्याला ठाऊक होते की कातळावर चित्रे आहेत.

ही चित्रे म्हणजे कातळशिल्पे, किंवा खोदचित्रे. जांभ्याच्या सपाट पृष्ठभागावर रेषा कोरून काढलेल्या मोठमोठ्या आकृती. माणसे, हत्ती, वाघासारखे प्राणी, मासे, कासवे, पक्षी, आणि काही अगम्य चौकोनी नक्षी. भिंतीवर नव्हे, जमिनीवर. म्हणजे आपण उभे असतो तेथेच ती आपल्या पायांखाली असतात. वर माती आणि गवत साचले की दिसत नाहीत. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले. जुने आणि अगम्य काही दिसले की आपल्याकडे पांडवांचे नाव निघते.

१९९० च्या सुमारास रत्नागिरीजवळ निवळी येथे रस्त्याच्या कामाच्या वेळी एक असे चित्र नजरेस आले आणि अभ्यासकांत त्याची चर्चा झाली. सिंधुदुर्गाकडे सतीश लळीत यांनी हिवाळे आणि कुडोपी येथील चित्रे उजेडात आणली. परंतु हे सारे सुटे सुटे. सगळा जिल्हा पायाखाली घालायचा उद्योग मांडला तो रत्नागिरीच्या तिघांनी. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई. यांतले रिसबूड पेशाने अभियंता. ठाकूरदेसाई हे गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात भूगोलाचे अध्यापक. कोणीही पुरातत्त्वाची गादी चालवणारा नव्हे. रानावनात हिंडण्याचा, पक्षी आणि झाडे पाहण्याचा छंद, त्या हिंडण्यातून ही चित्रे दिसू लागली, आणि मग सुट्टीचा प्रत्येक दिवस सड्यावर जाऊ लागला.

त्यांनी काम केले कसे, ते ऐकण्यासारखे आहे. नुसते चालून एवढे मोठे सडे संपणारे नव्हते. तेव्हा त्यांनी गावात जाऊन विचारायला सुरुवात केली. कोणाला? तर ज्यांना कोणी काही विचारत नाही अशांना. गुरे राखणाऱ्यांना, म्हाताऱ्या माणसांना, शाळेतल्या मुलांना. शाळेत जाऊन मुलांना चित्रे दाखवायची आणि म्हणायचे, अशा रेघा कुठे पाहिल्यात का? मुले सगळीकडे हुंदडतात, त्यांच्या नजरेतून सुटत नाही. एखादा म्हातारा सांगे, अमक्या कोंडीच्या वर दगडात काहीतरी ‘काढलेलं’ आहे. मग तेथे जायचे, केरसुणीने माती झाडायची, आकृती मोकळी करायची, मापे घ्यायची, नकाशावर जागा टिपायची. पुढे ड्रोनचा कॅमेरा आला तेव्हा वरून फोटो घेता येऊ लागले. ते घेतल्यावाचून कशेळीच्या हत्तीसारखे चित्र एका नजरेत मावतच नाही. तो हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात आणखी पाऊणशेच्या आसपास लहान आकृत्या आहेत!

२०१८ साली या मंडळींनी सांगितलेला हिशेब असा होता: बावन्न गावांत चित्रे सापडली, आणि त्यांपैकी जेमतेम पाच गावांना आधी त्यांचा पत्ता होता. या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. सत्तेचाळीस गावे आपल्याच डोक्यावरचे धन विसरली होती, हे एक. आणि ज्या पाचांनी आठवण ठेवली, त्यांच्यावाचून शोधाला सुरुवातच झाली नसती, हे दुसरे. त्यानंतर ही यादी पुष्कळ वाढली आहे आणि दर हंगामाला वाढतेच आहे.

आता आपण म्हणाल, चित्रे सापडली हे ठीक. पण ती किती जुनी? येथे विद्यापीठाच्या शास्त्राची खरी गरज लागते, आणि येथेच ते सर्वांत अडते. हाड किंवा कोळसा सापडला तर त्यातल्या कार्बनवरून वय काढता येते. कोरलेल्या रेषेत तसे काहीच नसते. असतो तो फक्त अभाव, काढून टाकलेला दगड. शिवाय जांभ्याची माती आम्लधर्मी, तीत हाडे टिकत नाहीत. तेव्हा वळसा घालून जावे लागते. चित्रांत शेतीची खूण नाही, नांगर नाही, बैल नाही. उलट गेंड्यासारखे प्राणी आहेत, जे आज कोकणात नाहीत. शेतीपूर्वीच्या, शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांची ही कामगिरी असावी, असे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयातील तेजस गर्गे यांनी मांडले, आणि काळ दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे जाऊ शकेल असा अंदाज केला जातो. सिंधुदुर्गात कोळोशी येथील गुहेत संचालनालयाने उत्खनन केले तेव्हा दगडी हत्यारे मिळाली. हत्यारे मिळाली म्हणजे माणूस येथे होता हे सिद्ध झाले. तोच माणूस चित्रे काढीत होता, हे सिद्ध व्हायचे आहे. या दोन वाक्यांतले अंतर विसरू नये. उत्साहाच्या भरात आपण ते फार लवकर विसरतो, आणि मग वर्तमानपत्रांत दर आठवड्याला चित्रे हजार वर्षांनी म्हातारी होत जातात.

या कामातून निसर्गयात्री नावाची संस्था रत्नागिरीत उभी राहिली, आणि तिच्याशी हात मिळवला तो थेट मद्रासच्या आय.आय.टी.ने. रत्नागिरीत कातळशिल्पांचे संशोधन केंद्र सुरू झाले. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ जागांचा समावेश झाला. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे या सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या, कुडोपी सिंधुदुर्गातली, आणि फणसाईमाळ गोव्यातली. क्रम जरा पाहा. गुराखी, मग हौशी अभियंता आणि त्याचे मित्र, मग स्थानिक महाविद्यालयातला भूगोलाचा अध्यापक, मग सरकारी खाते, मग दूरची मोठी विद्यासंस्था, आणि शेवटी पॅरिसची यादी. आपण सहसा असे समजतो की ज्ञान वरून खाली झिरपते. येथे ते खालून वर गेले, आणि वर जाताना प्रत्येक पायरीवर त्यात काहीतरी भर पडली. गुराख्याला जागा माहीत होती, अध्यापकाला त्या जागेचा भूगोल कळत होता, पुरातत्त्वज्ञाला काळाचा तर्क करता येत होता. यांतले एकटे कोणीही पुरे पडले नसते.

येथवर सारे गोड झाले. आता कडू.

जो कातळ चित्रांचा, तोच कातळ चिऱ्यांचा. आमच्याकडे घर, कुंपण, विहीर, देऊळ, सगळे जांभ्याच्या चिऱ्यात बांधतात. सड्यावर चिरेखाण लागली म्हणजे यंत्राचे पाते फिरते आणि पाहता पाहता पृष्ठभाग नाहीसा होतो. कलमे लावायची तर सुरुंगाने कातळ फोडून खड्डे घालतात आणि बाहेरची माती आणून भरतात. रस्ता रुंद करायचा तर सडा सर्वांत सोयीचा, कारण तेथे कोणाचे घर पडत नाही. यांत कोणी दुष्ट नाही हे ध्यानात घ्या. ज्याच्या वाट्याला पोटखराब जमीन आली आहे, त्याला चिऱ्यांतून पोरीच्या लग्नाचा खर्च निघत असेल तर त्याने कोणासाठी थांबावे? ‘वारसा, वारसा’ म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय सड्यावरून खाली उतरू नये, असे माझे मत आहे. त्याच्या सहीशिवाय चित्र वाचत नाही, आणि सही फुकट मागण्याचा आपल्याला अधिकार नाही.

काही ठिकाणी हा गुंता सुटला. मालकाशी बोलून, ग्रामपंचायतीत बसून, चित्राभोवती गडगा घातला गेला. उक्षीला, कोकण रेल्वेच्या ठाण्याच्या त्याच गावात, हत्तीच्या चित्राभोवती कठडा बांधून बाहेरून पाहण्याची सोय केली गेली. गडगा ही दिसायला केवढी क्षुल्लक गोष्ट. सुटे दगड एकावर एक, चुना नाही, सिमेंट नाही. पण गडगा घातला याचा अर्थ गावाने ठरवले, की ही जागा रिकामी नाही.

आणि काही ठिकाणी गुंता गावाच्या हाताबाहेरचा होता. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्प आणण्याचे ठरून २०२३ च्या एप्रिलमध्ये मातीपरीक्षणाला सुरुवात झाली, तेव्हा गावकरी सड्यावर जाऊन बसले, आणि ही बातमी देशभर गेली. विरोधाची कारणे अनेक होती: पाणी, आंबा, मासेमारी, घरदार. प्रकल्पाच्या बाजूनेही बोलणारे होते, रोजगाराची आशा धरणारे होते; मुंबईच्या खोलीत दहा जणांत झोपणाऱ्या कोकणी तरुणाला ती आशा पोकळ वाटत नाही. पण या वादात एक नवी गोष्ट घडली. बारसूला दोन प्राण्यांच्या मधोमध उभा असलेला एक माणूस कातळात कोरलेला आहे. तो वादाच्या मध्यभागी आला. दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न निघाला असता तर कागदावर त्या सड्याचे वर्णन ओसाड जमीन एवढेच झाले असते. कोणीतरी आधीच पायी जाऊन, मापे घेऊन, नोंद करून ठेवली होती, म्हणून चर्चेला येताना तो माणूसही आला. नोंद निर्णय करीत नाही. पण नोंद नसेल तर निर्णय करणाऱ्याला काही दिसतच नाही.

सडा ओसाड नाही हे वनस्पतिशास्त्राचे आणि प्राणिशास्त्राचे लोकही सांगत आले आहेत. मृगाच्या सरी पडल्या की त्याच कातळावर दोन बोटे मातीत दीपकाडीची पांढरी फुले येतात. ही वनस्पती कोकणच्या या पट्ट्याबाहेर जवळपास नाहीच. श्रावण-भाद्रपदात निळ्या-जांभळ्या ‘सीतेची आसवे’ पसरतात. दिसायला नाजूक, पण कीटक खाऊन जगणारी! सुट्या दगडाखाली फुरसे असते हे तर आमच्या प्रत्येक पोराला ठाऊक. पण त्याच दगडाखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक चिमुकली पाल राहते आणि ती या सड्यांखेरीज फारशी कोठे आढळत नाही, हे आता आता कळू लागले आहे. या अभ्यासालाही गावची माणसे लागतात. कोणता दगड उचलावा आणि कोणता उचलू नये, हे शहरातून आलेल्या संशोधकाला कोण सांगणार?

रत्नागिरीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींकडे मी या दृष्टीने पाहतो. त्यांतली बरीच खेड्यातून एस.टी.ने ये-जा करतात. सकाळी सड्यावरूनच उतरून येतात आणि दिवसभर पुस्तकातला भूगोल शिकून संध्याकाळी त्याच सड्यावरून घरी जातात. या मुलांना आपल्या वाडीचा नकाशा काढायला सांगितला, आजोबांकडून सड्यावरच्या जागांची नावे लिहून आणायला सांगितली, तर पहिल्याच वर्षी केवढी सामग्री जमेल! कारण नावे झपाट्याने जात आहेत. प्रत्येक कोंडीला, टेपाला, पाणवठ्याला नाव होते. गुरे गेली, गुराखी गेले, आणि नावे उच्चारणारे कोणी उरले नाही. हे काम मद्रासहून येऊन कोणी करू शकणार नाही. परीक्षेत त्याला गुण किती, हा प्रश्न मुले विचारतीलच, आणि तो रास्त आहे. तो विद्यापीठाने सोडवायचा आहे.

दुसरी एक गोष्ट राहिली, परतफेडीची. संशोधक येतो, विचारतो, फोटो काढतो, जातो. मग इंग्रजीत निबंध छापून येतो. ज्याने जागा दाखवली त्याला तो कधी दिसत नाही, दिसला तरी वाचता येत नाही. आमच्या खेड्यांतून पाहुण्यांबद्दल जो एक सावधपणा असतो, त्याचे मूळ पुष्कळदा येथे आहे. रत्नागिरीच्या मंडळींचे यश मला यात वाटते की ती परत परत गेली. शाळेत चित्रे दाखवली, गावात सभा घेतली, काय सापडले ते मराठीत सांगितले. ‘तुमच्या गावात हे आहे’ असे कोणी समोर येऊन सांगितले म्हणजे माणूस त्या जागेकडे वेगळ्या नजरेने बघतो. गडग्याचा पहिला दगड त्या नजरेतूनच येतो.

आपल्याला ही चित्रे पाहायला जायचे असेल तर पाऊस सरल्यावर, कार्तिकापासून माघापर्यंत जावे. नंतर ऊन सोसत नाही. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे, कारण तिरप्या उन्हात रेषेत सावली भरते आणि चित्र उठून दिसते. डोक्यावर ऊन असताना समोर उभे राहूनही काही दिसत नाही. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे आणि त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा. चपला काढून ठेवाव्या. रेषा नीट दिसाव्या म्हणून खडू, चुना किंवा रंग भरू नये. देवीहसोळला गेलात तर आर्यादुर्गेचे देऊळ जवळच आहे, आणि कशेळीला कनकादित्याचे. देवाचे गोठणे येथे तर होकायंत्र बरोबर न्यावे. तेथल्या चित्रापाशी काट्याची दिशा चुकते, आणि ती का चुकते यावर आपल्याबरोबर आलेल्या कॉलेजातल्या मुलाला परतीच्या वाटेवर विचार करायला लावावे.